शेंडेनक्षत्राखालची उधारी

फोन घरीच ठेवा. तुम्ही जिथे निघाला आहात तिथे त्याचा काही उपयोग नाही, आणि तो नाही म्हणूनच तिथे एवढी गंमत आहे.

१४ मार्च १९८६, शुक्रवार. पहाटेचे साडेचार वाजत आले आहेत. पुण्यात, कोथरूडच्या बाजूला, एका तिमजली इमारतीच्या गच्चीचा पत्र्याचा दरवाजा तुम्ही ढकलता. तो कुरकुरतो. अंधारातून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, "हळू, खाली माणसं झोपलीत." लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने गुंडाळलेल्या विजेरीचा उजेड तुमच्या पायांवर पडतो. "चपला तिथेच काढा आणि सतरंजीवर या." तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारत नाही. अशा वेळी जिना चढून येणारा माणूस आपल्यातलाच असणार, हे इथे धरूनच चाललेलं आहे.

ही गच्ची कुठल्या एका घराची म्हणून शोधायला जाऊ नका. हॅलेच्या धूमकेतूने त्या वर्षी गावोगावच्या कितीतरी गच्च्या जाग्या ठेवल्या होत्या, आणि पुण्यात तर १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. त्या सगळ्या जागरणांतून ही एक गच्ची मी तुमच्यासाठी जोडली आहे. तिच्यावरची माणसं माझ्या मनातली आहेत. त्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं मात्र खरी आहेत.

डोळे अंधाराला सरावले की माणसं दिसू लागतात. बँकेत नोकरी करणारे, बदल्यांमुळे निम्मा देश पाहिलेले काका. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाई. दहावीचा एक मुलगा. बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे आणि आईला वाटतंय तो अभ्यासाला उठलाय. कानटोपी घातलेली नऊ वर्षांची मुलगी. आणि वेताच्या खुर्चीत, गळ्याला मफलर गुंडाळून बसलेले तिचे पणजोबा, वय ८४.

"तो बघा," बाई आग्नेयेकडे हात लांबवतात. दक्षिणेला वृश्चिकातली ज्येष्ठा तांबूस चमकते आहे. तिच्या डावीकडे, धनू राशीच्याही पुढे, क्षितिजापासून जेमतेम वीतभर वर तुम्हाला एक पुसट ठिपका सापडतो. दुर्बिणीतून तो पिंजलेल्या कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो, आणि त्यातून वर निघालेला निमुळता पट्टा नजर थोडी बाजूला वळवली की जास्त नीट उमटतो.

"एवढाच?" मुलगी विचारते.

पणजोबा म्हणतात, "मी आठ वर्षांचा होतो तेव्हा साताऱ्याच्या अंगणातून पाहिला होता. शेपटी बघता बघता मान दुखायची. या खेपेला तो लांबून चाललाय, त्याला बिचारा काय करणार."

थर्मासमधला चहा फिरतो. मग काका मांडीवर एक दोनशेपानी वही उघडतात, आणि ज्यासाठी तुम्ही इतकी वर्षं मागे आलात ती गोष्ट सुरू होते.

वही जवळून पाहा. खाकी कव्हर, कोपरे झिजलेले. डाव्या पानावर प्रश्न. उजव्या पानावर उत्तर, त्याखाली पुस्तकाचं नाव, पान क्रमांक आणि ते पुस्तक कोणाकडे आहे त्याची नोंद. सगळे प्रश्न विज्ञानकथांवरचे. वहीची शेवटची पाच पानं वेगळी ठेवलेली, त्यांवर मथळा आहे ‘उधार’. ज्या प्रश्नांची उत्तरं कोणालाच आली नाहीत ते तिथे.

खेळाचे नियम तीन. उत्तर स्वतःला माहीत असल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही. ज्याने उत्तर दिलं त्याने पुढचा प्रश्न द्यायचा. आणि ज्याला उत्तर आलं नाही त्याला, विचारणाऱ्याने पुढच्या भेटीत ते पुस्तक वाचायला आणून द्यायचं. म्हणजे इथे हरणाऱ्याला पुस्तक मिळतं. या एका नियमामुळे इथे कोणी कोणाला अडवण्यासाठी विचारत नाही. प्रश्न काढताना प्रत्येकाच्या मनात हेच असतं की समोरच्याने आता काय वाचायला हवं.

सुरुवात दहावीच्या मुलाची. "हॅलेबरोबर आला, हॅलेबरोबर गेला, आणि मधे काळाच्या प्रवासावर कादंबरी लिहिली. कोण?"

"वेल्स," काका घाईने म्हणतात आणि लगेच मान हलवतात. वेल्सचं काळयंत्र १८९५ मधलं, पण वेल्स १९१० नंतरही कितीतरी वर्षं जगला.

उत्तर बाई देतात. मार्क ट्वेन. धूमकेतू १८३५ च्या नोव्हेंबरात सूर्याला वळसा घालून गेला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला ट्वेन जन्मला. पुन्हा तो सूर्याच्या सर्वांत जवळ आला १९१० च्या २० एप्रिलला. ट्वेन गेला २१ तारखेला. कादंबरी १८८९ ची, वेल्सच्या सहा वर्षं आधीची. तिच्यात यंत्र नाही. डोक्यावर जोराचा फटका बसून अमेरिकन कारखान्यातला एक मुकादम थेट सहाव्या शतकातल्या इंग्लंडात, आर्थर राजाच्या दरबारी जाऊन पडतो, आणि ज्या दिवशी त्याला मारायचं ठरतं त्या दिवशी सूर्यग्रहण आहे हे आठवल्यामुळे त्याचा जीव वाचतो.

"बघ," बाई मुलीला म्हणतात, "ग्रहणाचं गणित येत असलं की भूतकाळातसुद्धा जीव वाचतो."

आता प्रश्न बाईंचा. "रोबो या शब्दाला मराठी प्रतिशब्द सांगा."

"यंत्रमानव," मुलगा म्हणतो.

"हा शब्द जिथे जन्मला तिथे यंत्र नव्हतंच."

आणि तुम्ही गच्चीवर नसता. प्राग शहर, २५ जानेवारी १९२१. राष्ट्रीय रंगमंदिरात कारेल चापेकच्या नाटकाचा पडदा वर जातो. रंगमंचावर येतात ते रोबो लोखंडाचे नाहीत. मांसासारखा एक पदार्थ कालवून, साच्यातून काढावी तशी कारखान्यात बनवलेली ही माणसं आहेत, आणि त्यांनी फक्त राबायचं आहे. चापेकला त्यांच्यासाठी नाव सुचत नव्हतं, ते त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने सुचवलं. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करायचं काम. तुम्ही परत सतरंजीवर येता तेव्हा अंधारातून पणजोबांचा आवाज येतो, "वेठ."

"बरोबर," बाई म्हणतात. "रोबो म्हणजे वेठबिगार."

क्षणभर कोणी बोलत नाही. यंत्रमानव म्हटलं की डोळ्यांपुढे पत्रा येतो, खिळे येतात. वेठबिगार म्हटलं की माणूस येतो. एका शब्दाच्या प्रश्नाने सगळं नाटक डोळ्यांपुढे उलगडतं.

पणजोबा आपली पाळी मुलीला देऊन टाकतात. ती केव्हाची तयारीत आहे. "भा. रा. भागवतांचं पुस्तक आहे, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. तर शेंडेनक्षत्र हे सत्तावीस नक्षत्रांपैकी कितवं?"

दहावीचा मुलगा बोटं मोजू लागतो. अश्विनी, भरणी, कृत्तिका... पूर्वाषाढापर्यंत पोहोचल्यावर त्याला शंका येते. मुलगी तोंडावर हात दाबून हसते. पणजोबांना उत्तर ठाऊक आहे, पण ते तिच्यासाठी गप्प आहेत.

"कितवंच नाही!" ती म्हणते आणि आग्नेयेकडे बोट दाखवते. "शेंडी असलेलं नक्षत्र ते शेंडेनक्षत्र. धूमकेतू!"

बाईंना हसू आवरत नाही. ज्यूल व्हर्नने १८७७ मध्ये धूमकेतूवर कादंबरी लिहिली होती. त्याचा धूमकेतू पृथ्वीला चाटून जातो आणि जाताना जमिनीचा एक तुकडा माणसांसकट बरोबर नेतो. आपल्याकडच्या मुलांपर्यंत व्हर्न पोहोचला तो मुख्यतः भागवतांमुळे. ज्या हाताने फुरसुंगीच्या बनेश फेण्याला, म्हणजे फास्टर फेणेला घडवलं, त्याच हाताने मराठी मुलांना चंद्रावर नेलं, पाताळात उतरवलं आणि धूमकेतूवर मुक्कामाला धाडलं. त्या मुलांना आपण परकं काही वाचतो आहोत असं कधी वाटलंच नाही. ‘शेंडेनक्षत्र’ हा आजीच्या तोंडचा शब्द पुस्तकाच्या नावात आला, तर वाटेलच कसं?

आता काका वही मिटतात. हा प्रश्न त्यांना पाठ आहे.

"नारायण विनायक जगताप. मराठीतला एक विज्ञानकथाकार. त्याची एकच कथा या नावाने गाजली आणि मग तो कधीच कोणाला दिसला नाही. कुठे गेला?"

लाल उजेड विझतो. तुम्ही १९७४ सालात आहात, अहमदाबादला, शास्त्रज्ञांच्या एका परिसंवादात. व्यासपीठावरचं व्याख्यान रेंगाळलं आहे. श्रोत्यांतला पस्तिशीचा एक गृहस्थ समोरचा कोरा कागद ओढून मराठीत काहीतरी लिहू लागतो. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली आहे, हे त्याच्या वाचनात आलेलं आहे. कथेचं नाव तो ठेवतो ‘कृष्णविवर’.

मुंबईला परत आल्यावर त्याच्यापुढे एक अडचण आहे. १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याला पद्मभूषण मिळालं आहे. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलबरोबर त्याने मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त जगभर चर्चिला गेला आहे. त्याचं नाव वाचून परीक्षकांनी बक्षीस दिलं, तर कथा बरी आहे की नाही हे त्याला कधीच कळणार नाही. म्हणून तो दुसरं नाव घेतो. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून संपूर्ण कथा त्याची पत्नी, गणितज्ञ मंगलाताई, आपल्या अक्षरात उतरवून काढते. त्या टेबलापाशी थोडं थांबा. एक शास्त्रज्ञ आपलं सगळं नाव बाजूला ठेवून नवख्या लेखकासारखा रांगेत उभा राहतो आहे. पहिलं बक्षीस जगतापांना मिळतं.

"मला नाही माहीत कुठे गेला," गच्चीवर मुलगी म्हणते.

"त्याची आद्याक्षरं सांग बघू."

"ना. वि. ज."

"आता उलटी म्हण."

"ज. वि. ना." ती थबकते. मग जवळजवळ ओरडते, "जयंत विष्णु नारळीकर!"

खालच्या मजल्यावर खिडकी वाजते. सगळे तिला गप्प करतात आणि सगळेच हसत असतात. असा क्षण पुस्तकातून शोधून मिळत नाही. कोणीतरी तो आपल्यासाठी जपून ठेवलेला असावा लागतो. काकांना उत्तर पहिल्यापासून माहीत होतं. ते फक्त तिच्या तोंडून यायची वाट पाहत होते.

पुढचं काका थोडक्यात सांगतात. वर्षभरात, १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या विज्ञानकथांची दखल घेतली. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ आलं. ‘धूमकेतू’ नावाची त्यांची कथा आजच्या पहाटेसाठीच लिहिल्यासारखी आहे. तिच्यात एका हौशी आकाशनिरीक्षकाला धूमकेतू सापडतो, त्याला त्याचं नाव दिलं जातं, आणि मग कळतं की तो पृथ्वीवर आदळायला निघाला आहे. आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’? तिथे मराठे पानिपत जिंकलेले असतात, कारण विश्वासरावांना लागायची गोळी त्यांच्या बाजूने निघून जाते. विज्ञानकथा म्हणजे परदेशी माल, असं म्हणणाऱ्याच्या हातात काका हीच कथा ठेवतात.

"याला जोड म्हणून अजून एक," काका म्हणतात. ते कोलकात्याला होते तेव्हा त्यांना हे कळलं. "शास्त्रज्ञाने कथास्पर्धेत विज्ञानकथा पाठवायची आणि बक्षीस मिळवायचं, हे भारतात त्याआधी कोणी केलं?"

हा प्रश्न कोणालाच येत नाही. १८९६ साल. कोलकात्यात कुंतलीन नावाचं केशतेल विकणाऱ्या बोस नावाच्या व्यापाऱ्याने कथास्पर्धा ठेवली आहे. अट एकच, कथेत तेलाचा उल्लेख यावा पण ती जाहिरात वाटू नये. बक्षीस मिळतं जगदीशचंद्र बोस यांना. कोलकात्यात बिनतारी लहरींचे प्रयोग करून दाखवणारे तेच हे बोस. त्यांच्या कथेत शहरावर चालून येणारं चक्रीवादळ एकाएकी नाहीसं होतं आणि हवामानशास्त्रज्ञ चक्रावतात. खरं कारण बोटीवरच्या एका प्रवाशाला ठाऊक असतं. उसळत्या समुद्रात त्याने केसांच्या तेलाची बाटली ओतलेली असते. पृष्ठताणाचा नियम आणि केशतेल, दोन्ही एकाच बाटलीत!

काका उधारीच्या पानावर नोंद करतात. पुढच्या भेटीत सगळ्यांसाठी ते ही कथा मराठीत लिहून आणणार आहेत. नियम म्हणजे नियम.

"आता पाहुणे," बाई तुमच्याकडे वळतात. "नव्या माणसानेही एक प्रश्न द्यायचा असतो."

तुमच्याकडे फोन नाही. डोक्यात आहे तेवढंच तुमचं. आणि तुमच्या लक्षात येतं की तुम्हाला एक उत्तर माहीत आहे जे इथे कोणालाच माहीत असणं शक्य नाही. तुम्ही विचारता, "अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ कोणत्या साली बसला?"

काका चष्मा पुसतात. "अजून कुठे बसलाय कोणी? आमच्या कथांना साहित्यात धरतात का, हाच वाद अजून मिटलेला नाही."

तुम्ही गप्प राहता. ९४ वं संमेलन, नाशिक, २०२१, अध्यक्ष जयंत नारळीकर. कृष्णविवर लिहिणारे जगताप त्या मानाच्या जागी पोहोचायला अजून ३५ वर्षं आहेत. प्रकृतीमुळे त्यांना स्वतः तिथे जाता येणार नाही, आणि २० मे २०२५ ला ते याच शहरात शेवटचा श्वास घेतील. यातलं एक अक्षरही तुम्हाला इथे बोलता येत नाही.

काका तुमच्याकडे नीट पाहतात. मग काही न विचारता शेवटच्या पानावर तुमचा प्रश्न लिहून घेतात आणि पुढे रेघ ओढतात: उत्तर येणे बाकी, पुस्तक देणे बाकी.

"साडेपाच!" मुलगा घड्याळावर विजेरी धरतो.

सगळे उठून कठड्याशी येतात. वर्तमानपत्रात वेळ आलेली आहे. भारतीय वेळेनुसार पाच वाजून तेहतीस मिनिटांनी युरोपचं जोत्तो हे यान त्या कापसाच्या बोळ्याच्या गाभ्याजवळून जाणार आहे. जोत्तो हा इटलीचा चित्रकार. १३०१ मध्ये आलेला हॅले बहुधा त्याने पाहिला होता. नंतर बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या चित्रात त्याने ताऱ्याच्या जागी धूमकेतू रंगवला.

एकतीस. बत्तीस. मुलगी पणजोबांचा हात धरते. पूर्वेला काळोख किंचित निवळला आहे. तेहतीस.

आकाशात काहीच हलत नाही. धूमकेतू होता तिथेच आहे. पण तिथे आत्ता माणसाने केलेली एक वस्तू गाभ्यापासून ५९६ किलोमीटरवरून जाते आहे, धुळीच्या माऱ्याने तिचा कॅमेरा कायमचा आंधळा होतो आहे, आणि त्याआधी तिने पाठवलेली चित्रं पृथ्वीवर पोहोचली आहेत. धूमकेतूचा गाभा इतक्या जवळून कसा दिसतो, हे माणसाला त्यांतून पहिल्यांदा कळणार आहे. व्हर्नने धूमकेतूवर माणसं पाठवली त्याला तेव्हा १०९ वर्षं झालेली आहेत.

पणजोबा मुलीला म्हणतात, "हा पुन्हा ७५ वर्षांनी येईल. तू तेव्हा माझ्याएवढी असशील, ८४ ची. कोणीतरी लहान पोर शेजारी घेऊन बस. आणि त्याला शेंडेनक्षत्राचा प्रश्न घाल."

पहिली बस लांबून वळण घेते. दूधवाल्याच्या सायकलीवर कॅन वाजतात. धूमकेतू उजेडात विरघळतो, मुलगा अभ्यासाला पळतो, काका वही पिशवीत घालतात. तुम्ही चपला घालता आणि जिना उतरता.

खाली तुमचं वर्ष उभं आहे. खिशात फोन नसला तरी घरी आहे, आणि आज पाहिलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यात क्षणात सापडतील. प्रश्न मात्र त्यात सापडत नाहीत. तुमच्या समोर बसलेल्या पोराने आता कोणती कथा वाचायला हवी, हे ओळखून त्याच्यासाठी प्रश्न काढायला त्याला ओळखणारं माणूसच लागतं. मराठीत विज्ञानकथा टिकली ती लेखकांमुळे, मासिकांमुळे, आणि ‘हे वाचलंस का?’ असं विचारून दुसऱ्या दिवशी पुस्तक घरी आणून देणाऱ्या वाचकांमुळे. त्या वाचकांची नावं कुठल्याही इतिहासात नाहीत. त्यांच्या जागा आता रिकाम्या होत चालल्या आहेत, आणि त्या भरणं आपल्याच हातात आहे.

तुमच्या नावावर त्या वहीत उधारी आहे. ती फेडा. घरातल्या, शेजारच्या, गाडीत समोर बसलेल्या कुठल्याही मुलाला ना. वि. ज. ही अक्षरं उलटी म्हणायला लावा. उत्तर आलं तर त्याच्याकडून पुढचा प्रश्न घ्या. नाही आलं तर त्याला पुस्तक द्या.

वेळ पुरेसा आहे. हॅलेचा धूमकेतू ९ डिसेंबर २०२३ ला सूर्यापासून सर्वांत दूरच्या टोकाला पोहोचला आणि तिथून परत फिरला. तो निघालेला आहे. २०६१ च्या जुलैत इथे येईल.